आधी झुंबरबाईंचा डबा

…आणि वर मलाच ऐकवतात, ‘पोरी, चालस ना? मंग त्यामाच थोडं जोड!’ अहो, चालतंय म्हणून त्यातच किती जोडायचं? तुम्हाला सांगते, आमचे पितांबर नाना, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आयटीआयचे निवृत्त मास्तर. दहा वर्षांपूर्वी त्यांनी बिनतारी यंत्रणेचा कोड लिहिला. दोंडाईच्याजवळ आमचं गाव, अठरा शेतांना मोटर एकच. लाइट आली की प्रत्येक शेतातला डबा हवेतून निरोप धाडतो, ‘मी जागा आहे’, की विहिरीवरचा मोठा डबा त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. कोड खुला, कोणीही घ्या, बदला. बदला म्हणे! नवं शेत आलं, जोड… नवा सेन्सर आला, जोड… गोधडी तरी एका बाजूने सरळ असते हो!

आणि नाल्यापलीकडच्या चार शेतांचा निरोप पोचतच नाही, तिथली पपई माना टाकतेय! मी जळगावहून इंजिनिअर होऊन आलेली, म्हटलं, नाना, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला दुसरा कोड फुकट मिळतोय, लांब पोचतो, ओळी निम्म्या, तो घेऊ. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘चालस ना? मंग त्यामाच…’ झालं!

मग काय, नाना धुळ्याला लग्नाला गेले आणि मी अठराही डब्यांत आणि विहिरीवरच्या मोठ्या डब्यात नवा कोड भरला. अकराला लाइट आली, मोटर सुरू, आणि व्हॉल्व्ह… एकही उघडेना! पाइपाचा जोड फाटकन उडाला, मोटरीपाशी उभे असलेले धनसिंग आबा डोक्यापासून धोतरापर्यंत ओले. ‘दिपमाला, बठ्ठा डबा मुका व्हई ग्यात का वं?’ मुके? अहो, अठराही एकदम बोलत होते, विहिरीवरचा डबा ऐकणार कोणाचं!

नानांचा कोड उघडला. प्रत्येक डब्याला शेतमालकाचं नाव आणि पुढे किती सेकंदांनी बोलायचं ते. झुंबरबाई शून्य, धनसिंग आबा दोन, वना भाऊ चार… आणि सगळ्यांत शेवटी, चौतिसाव्या सेकंदाला, आमच्या शेताचा डबा, माझ्या नावाने! हे सेकंद ठरवले कशावरून, अंतरावरून की पाइपाच्या लांबीवरून? फोन केला. मागे बँड वाजतोय आणि नाना ओरडतायत, ‘वय शे ते! मोठासनी पह्यले बोलानं!’

ऐकलंत? वयाने मोठा तो आधी, डब्यांनासुद्धा मान! आणि चीड कशाची, तर ते बरोबर निघालं! गुपचूप ते सेकंद नव्या कोडात घातले, दुसऱ्या दिवशी अठराही व्हॉल्व्ह ओळीने उघडले, नाल्यापलीकडची पपईसुद्धा भिजली. नानांना सांगितलं, तर म्हणे, ‘जोडं ना शेवटी?’

आता खुल्या कोडाची रीत अशी, की सुधारणा केली तर ती मूळ मंडळींना परत पाठवायची. पाठवली. घाईत नावंही तशीच गेली. दोन दिवसांत सातासमुद्रापलीकडून उत्तर: ‘उत्तम, घेतलं. एकच शंका. ही झुंबरबाई काय आहे, आणि तिला सगळ्यांच्या आधी का बोलू द्यायचं?’

मी लिहून टाकलं, ‘वयाने मोठ्या आहेत.’