हंबऱ्याच्या पाणंदीतली गव्हाण

ऐका. शेकोटीत आणखी दोन लाकडं सारा आणि जवळ बसा. उद्याचा बाजार उद्या, जनावरं बांधून झाली, झोप तर कुणालाच येत नाही. मगाशी गव्हाणीवरून तुमची जुंपली होती, ती मी ऐकत होतो. एक म्हणतो सिमेंटची बरी, दुसरा म्हणतो जुना ड्रम आडवा चिरला की काम भागलं. सिमेंटच्या काठानं म्हशीचा गळा सोलतो आणि पत्र्यानं जीभ कापते, ते तुमचं तुम्ही बघा. मी सांगतो ती लाकडी गव्हाणीची गोष्ट. हे ज्याच्यावर बेतलं त्या सातप्पा सुताराकडून मी तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा एकसारखं. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

पलीकडच्या नागरवाडीत हौसाबाई मगदूम म्हणून एक बाई होती. एकटी बाई, पण दावणीला दोन म्हशी, आणि त्या म्हशी म्हणजे काळे धोंडे. तिची जुनी गव्हाण मोडली. वैरण शेणात पडायला लागली. म्हशी निम्मी खायच्या, निम्मी तुडवायच्या. एक गाभण होती, दीडेक महिन्यात व्यायची होती. हौसाबाई सातप्पाकडं आली आणि म्हणाली, "सातप्पा, म्हैस व्यायच्या आत मला गव्हाण पाहिजे. आणि तुझ्या बापानं केली तशी पाहिजे. ती अठ्ठावीस वर्षं चालली."

सातप्पा म्हणाला, "काकी, बापाच्या वेळच्या म्हशी गरीब होत्या."

"म्हशी गरीब नव्हत्या, सुतार शहाणा होता."

हे त्याला लागलं. दीड महिना तो त्या गव्हाणीवर बसला. बाभळीच्या फळ्या, ऐनाचे पाय. साडेचार हात लांब, दीड हात रुंद, एक हात खोल.

आता महिपती विचारतोय, आबा, भूत कधी येणार. येतंय बाबा, गव्हाण आधी नीट बघून घे. भुतानं पण आधी तीच बघितली.

तर पुढचा काठ त्यानं असा गोल घासला होता, की डोळे मिटून हात फिरवला तर वासराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटावं. बुडाला एका अंगाला उतार, उताराच्या टोकाला एक भोक, म्हणजे धुतलेलं पाणी साचायला नको. वर आडव्या पट्ट्या, जनावराचं तोंड आत जाईल पण मान झटकून वैरण बाहेर फेकता येणार नाही अशा अंतरावर. पाय एवढे उंच की म्हशीला खुर आत टाकता येऊ नये. आणि एवढ्या कामात खिळा एकही नाही. गुरांची लाळ आणि मीठ लागून खिळा गंजतो, खिळा गंजला की भोवतालचं लाकूड मरतं. सगळे सांधे खुंट्यांचे. मी मोजल्यात, चोवीस खुंट्या. चौघांनी उचलावी असं वजन.

शेवटचा हात फिरवून होईस्तोवर दिवस मावळला. म्हैस दोन दिवसांत व्यायला झाली होती. सातप्पानं गव्हाण गाडीवर चढवून घेतली, दोरांनी करकचून बांधली आणि बैल जुंपले. बायको म्हणाली, "सकाळी जावा." हा म्हणाला, "आज देतो म्हटलंय." बायको म्हणाली, "मग सडकेनं तरी जावा." हा हूं म्हणाला. आणि वळला पाणंदीला. सडकेनं दोन कोस, पाणंदीनं एक. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच बांध, वर करंजाची झाडं, मधे एक गाडी जाईल एवढी वाट.

त्या पाणंदीत हंबऱ्या आहे, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कुणी पाहिलेलं नाही. तो फक्त आवाज देतो. आपल्याच गोठ्यातल्या जनावराचा आवाज. आणि आपण ओ दिली की संपलं. ओ दिलेल्या माणसाला तो उचलतो. आमच्या लहानपणी एक धनगर असा गेला, सकाळी त्याची काठी तेवढी बांधावर उभी होती.

सातप्पा निम्म्या वाटेवर आला आणि मागून वासरू हंबरलं. त्याच्या घरचं, कपिलेचं वासरू. दावं तोडून मागं आलं असावं असाच आवाज. सातप्पाच्या तोंडात शब्द आला होता. पण बैलांचे कान ताठ झालेले त्यानं बघितले, आणि शब्द गिळला. गाडी चालू ठेवली.

मग गाय हंबरली, उजव्या बांधावरून. मग म्हैस, डाव्या बांधावरून. मग पुढून, अगदी बैलांच्या तोंडासमोरून, खोंडाची डुरकी. बैल जागच्या जागी थांबले. हा चाबूक उगारतोय तोवर बैलांच्या गळ्यातल्या, जुवाला बांधलेल्या सापत्या तुटल्या. दोन्ही एकदम. कापलेल्या नव्हेत, चावलेल्या. बैल उधळले, घराकडं पळाले. गाडी पुढं कलंडली, सातप्पा चाकोरीच्या खड्ड्यात पडला, दोर सुटले आणि ती चौघांची गव्हाण त्याच्यावर पालथी आली.

त्याचं नशीब बघा. खड्डा होता म्हणून चिरडला नाही. गव्हाणीचे काठ दोन्ही बाजूंना चाकोरीच्या कडांवर टेकले. हा आत, गव्हाण वर, चार पाय आभाळाकडं. एका बाजूला काठाखाली दगड आला होता, तिथं चार बोटांची फट राहिली. तेवढ्यातून वारा येत होता.

आणि मग बाहेर खुर वाजायला लागले.

आधी कुणीतरी गव्हाण हुंगली. लांब, सावकाश. मग एका पायाला अंग घासलं. म्हैस घासते तसं, पण म्हैस एवढी उंच नसते. लाकूड कुरकुरलं, हललं नाही. मग शिंग बसलं. बुडाच्या मधोमध. पुन्हा बसलं. सातप्पा म्हणायचा, "आबा, मी मोजत होतो. सतरा धडका. सतराव्याला पण फळी आत आली नाही." मग ते वर चढून बसलं. सगळं वजन टाकून बसलं. खालची माती दबली, काठ बोटभर खाली गेला. सांधा एकही उघडला नाही.

मग बोटं. होय, बोटं. खुर नव्हेत. एकेक खुंटी चाचपत, चिमटीत धरून ओढत. सातप्पाला आतून ऐकू येत होतं. खुंटी वाळलेली, फळी ठोकताना जरा ओली. फळी वाळत जाते तशी खुंटीला आवळत जाते. अशी आवळलेली खुंटी चिमटीत कशी यायची.

मग पाणी आलं. आभाळात ढग नव्हता. पण घागरीनं ओतावं तसं बुडावर पाणी कोसळायला लागलं. हंबऱ्याला वाटलं असेल, भिजलं की सुटेल. सुताराला विचारा. भिजलं की लाकूड फुगतं, सांधा आणखी घट्ट होतो. सातप्पा म्हणायचा, "त्या मरणाच्या भीतीत पण मला जरा हसू आलं."

तिथं आवाज थांबले. किती वेळ थांबले कुणास ठाऊक. सातप्पाला वाटलं, गेलं. एवढ्यात फटीशी कुणीतरी बोललं. हौसाबाईचा आवाज. पण रागाचा नाही, अगदी मायेचा.

"सातप्पा, काम चांगलं झालंय रे. तुझ्या बापाला असं जमलं नसतं."

हा फटीपासून मागं सरला.

"काठ काय घासलायस. उतार काय दिलायस. सगळं बघितलं मी. पण उजव्या अंगाची तिसरी खुंटी ओल्या लाकडाची घातलीस, होय ना?"

आता ऐका. हे नीट ऐका. त्या संध्याकाळी वाळलेल्या खुंट्या तेवीसच भरल्या होत्या. चोविसावी कमी पडली. दिवस मावळत होता. सातप्पानं दारातल्या बाभळीची फांदी तोडली, छिलली आणि ठोकली. ओली. आज घट्ट बसते, दोन उन्हाळ्यांत वाळून बारीक होते आणि गळून पडते. हे त्याला ठाऊक होतं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

सातप्पा मला म्हणाला, "आबा, वासराच्या हाकेला मी ओ दिली नाही. धडका खाल्ल्या. पण ह्याला उत्तर दिल्याशिवाय राहवेना. उद्या बदलतो म्हणणार होतो. एवढंच."

तोंड उघडलं होतं त्यानं. मग पटक्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांत धरलं. पण हात ऐकेना. सुताराचा हात. कामात खोट आहे म्हटल्यावर तो चाचपायला जाणारच. उजवा हात फटीतून बाहेर गेला, वर सरकला, तिसऱ्या खुंटीवर टेकला. आणि एक जीभ त्या हातावरून फिरली. म्हशीच्या जिभेसारखी खरखरीत, पण गार. मनगटापासून बोटांपर्यंत. एकदाच.

त्यानं हात आत ओढला. पटका दातांत तसाच. पुन्हा जीभ हात शोधत फटीत आली, आतून अंदाज घेत फिरली, त्याच्या गालापासून चार बोटांवर. आणि तेवढ्यात पाणंदीच्या तोंडाशी कॅन वाजले. नागरवाडीचे लोक पहाटेचं दूध घेऊन डेअरीला निघाले होते. कंदील, बोलणी, कुणाचा तरी खोकला. जीभ मागं गेली. करंजाची पानं तेवढी हलली.

पाच जणांनी गव्हाण उचलली. आत सातप्पा, तोंडात पटका, काही केल्या बोलेना. उजव्या हातावर एक केस नाही, बोटांवर एक रेघ नाही. गुळगुळीत. त्या हाताला पुढं लाकडाची शीर कधी कळली नाही. पुढची सगळी कामं त्यानं डाव्या हातानं चाचपून केली.

गव्हाण तशीच हौसाबाईच्या गोठ्यात नेली. बाईनं फिरून फिरून बघितली. शिंगांच्या सतरा खुणा मोजल्या. फळी सरळ, सांधे बंद. ती म्हणाली, "बांधते म्हशी."

सातप्पा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "थांबा काकी. एक खुंटी काढायचीय."

"अरे, भूत बसलं हिच्यावर तरी हलली नाही. आता काय काढतोस?"

"त्याला कळलं, म्हणजे म्हशीला पण कळेल."

त्यानं तिथंच बसून डाव्या हातानं ती ओली खुंटी ठोकून बाहेर काढली आणि हौसाबाईच्या मोडक्या गव्हाणीतली एक बापाच्या हातची खुंटी काढून तिच्या जागी बसवली. मग म्हशी बांधू दिल्या.

तर पोरांनो, उद्या बाजार उठायला अंधार होईल. कुणाच्या गाडीत ड्रम असेल, कुणाच्या गाडीत पाइपाची गव्हाण. दोन कोस पडले तरी सडकेनंच जा. त्या पाणंदीत शिरू नका. हाक आली तर ओ न देणं जमेल तुम्हाला, मी पण ते करीन. पण तो हाक मारून थांबत नाही. तुम्ही घाईत कुठं काय चुकवलंय, ते त्याला ठाऊक असतं.