हजेरीविना केलेलं काम

१९९८ साली ओल्द्रिखला पहिली नात झाली. त्याच वसंतात चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या एका दवाखान्यात त्याच्या शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"बोझेना, तुझी लेक विद्यापीठात शिकवते तरी काय?"

"स्वयंसेवी संस्थांबद्दल. आज दहाला मलाच वर्गात बोलायचंय."

"तू कसली स्वयंसेविका? कम्युनिस्टांच्या काळात पक्षाचा माणूस दर शनिवारी हजेरी घेऊन हातात झाडू द्यायचा, तेच ना?"

"मीही तेच म्हटलं, व्लास्ता. तर म्हणते, हजेरी नसताना काय केलंस ते सांग."

"मग?"

"खालच्या मजल्यावरच्या आंधळ्या याकुबेकांना रोज पुस्तक वाचून दाखवायचे. हळूहळू त्यांचे चार आंधळे मित्रही यायला लागले."

"हा तर शेजारधर्म!"

"आपली आपण संस्था काढायची सोय होती का तेव्हा? म्हणून शेजारधर्म म्हणायचं, असं ती म्हणते. संशोधनात घातलंय तिनं. पोरं त्यावर परीक्षा देतात, माझ्या आडनावासकट!"

"बाई गं! मग इथं कशाला बसलीस?"

"छातीत दुखतंय. पण वर्ग नाही चुकवणार."

ओल्द्रिखने आपल्या नंबराची चिठ्ठी बोझेनापुढे धरली.

"तुम्ही आधी जा, बाई. पोरं वाट बघत असतील."

त्या दिवशी बोझेना वर्गात तासभर बोलली. १९९९च्या जानेवारीत ती वारली.