पेटीवरची शालू

बोईसर स्टेशनच्या बाकावर मी तान्हीला मांडीवर थोपटत होते. तिचे डोळे मिटत आले, की शेजारच्या नवरा-बायकोचा आवाज चढायचा. समोर रचलेल्या त्यांच्या चिकूच्या पेट्या दिल्लीला जायच्या होत्या आणि प्रत्येक पेटीवर एका हसऱ्या मुलीचं रंगीत चित्र चिकटवलेलं होतं. चित्रातली मुलगी त्यांच्याशेजारीच बसली होती.

"अवो, पेट्या फिरवा! पावणे याच गाडीनं उतरतात."

"उतरूदे की."

"घाटावरली माणसं ती. सून बघायला येतील आणि तिचं तोंड पेट्यांवर दिसल. लगीन मोडल! तुमाला कोणी सांगितलं, पोरीचा फोटो छापखान्यात द्यायला?"

"दिल्लीचा हमाल अक्षर वाचत नाय, चित्र बघतो. आता सगळे 'लडकीवाली पेटी' म्हणूनच मागतात."

"पोरगी हाय का बिडीचं बंडल? फिरवा आधी!"

"फिरवून काय उपेग? मागं पण तीच हाय. दोनी बाजूंना चिकटवलीय."

"देवा! शालू, ऊठ गो. पेट्यांच्या पुढं उभी रा."

"म्हणजे दोघी शेजारी दिसू, आये. लगेच वळखतील."

"मग मागं जा!"

"पुढं येऊ का मागं जाऊ? बाबा, एक पेटी फोडा. पावण्यांना चिकू द्या."

"कच्चे हायत गो. चिकानं तोंड चिकटल त्यांचं."

"चिकटूदे. नाय म्हणायला उघडणार नाय."