दुसरे ध्वनिमुद्रण

नाव व पत्ता: सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय: ४३ वर्षे. व्यवसाय: शाळेत भाषाशिक्षिका. जबाबाची वेळ: सकाळी ११.१०.

मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते ते असे:

आमच्या शाळेत बाहेरून आलेली मुले बरीच आहेत. त्यांची घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. अशा मुलांसाठी कानाला लावायचा एक संच मिळतो. मूल बोलते, यंत्र चूक दाखवते, कोणी हसत नाही. हे संच मिळावेत म्हणून मी दोन वर्षांत एकोणीस संस्थांना अर्ज केले. सतरा जणांनी उत्तर दिले नाही. एकाचे अभिनंदनाचे पत्र आले, ते दुसऱ्या शाळेचे होते.

एकोणिसाव्या संस्थेने आठ संच दिले. अट अशी होती: एका मुलाचे बोलणे आधी आणि तीन महिन्यांनी ध्वनिमुद्रित करून पाठवायचे. प्रगती दिसली तर सगळ्या वर्गांना संच मिळतील.

पेट्या आल्या त्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी त्या कपाटात ठेवल्या. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. आमच्याकडे नवी वस्तू पाहुणे येईपर्यंत नवीच ठेवतात. पृथ्वीचा गोल अजून प्लास्टिकमध्ये आहे. मी किल्ली मागितली. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलांनी हात लावला की आठ दिवसांत भंगार. पाहुण्यांना काय दाखवू, वायरी?" अध्यक्षांनी तारीख तीनदा पुढे ढकलली. शिपाईकाका रोज विचारत, "बाई, या पेट्यांचं लग्न कधी लागायचं?" मीही हसत असे.

पहिले ध्वनिमुद्रण सहावीतल्या एका मुलीचे होते. मी तिला चिमणी म्हणते. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. मी चिमणीला नाव विचारले. अकरा सेकंदांनी तिने सांगितले. मुलगी वर्गात बोलत नव्हती.

(येथे मी उठून दारापर्यंत गेले. मोठ्या बाईंना सकाळी आणले आहे, त्या कुठल्या खोलीत आहेत, असे विचारले. बसण्यास सांगण्यात आले.)

तीन महिने संपले तेव्हा पेट्यांचे सील तसेच होते. दुसरे ध्वनिमुद्रण शुक्रवारी पाचपर्यंत पाठवायचे होते. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी माझ्या स्वयंपाकघरात माझ्या मुलीला टेबलाशी बसवले. ती चिमणीच्याच वर्गात आहे. तिला एक कागद वाचायला दिला.

ती म्हणाली, "आई, मधे मधे अडखळू का?"

मी म्हणाले, "थोडंसं. दोनदा."

"आणि तिने ऐकलं तर?"

"ती कुठे ऐकणार आहे? कागदपत्रांबरोबर जाणार ते."

"तिलाच का नाही विचारलंस?"

मी म्हणाले, "वेळ नाही, बाळा. वाच."

शुक्रवारी दुपारी ध्वनिमुद्रणासोबतचे पत्र मोठ्या बाईंपुढे ठेवले. त्यांनी सही केली. सोळा वर्षांत त्यांनी माझा कागद वाचून सही केलेली नाही. ध्वनिमुद्रण त्यांनी ऐकले नव्हते. हे मला ठामपणे नोंदवायचे आहे.

पुढच्या शनिवारी दहा वाजता सभागृहात उद्घाटन झाले. फीत कापल्यावर अध्यक्षांनी दोन्ही ध्वनिमुद्रणे लावायला सांगितली. हे मला आधी माहीत नव्हते. चिमणीची आई अर्धी रजा काढून आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. तिला शाळेची भाषा येत नाही. पहिल्या आवाजाला ती हसली. दुसरा सुरू झाला तेव्हा तिने मान वळवून मागे पाहिले, हे कोणाचे मूल बोलते आहे म्हणून. टाळ्या पडल्यावर तिनेही वाजवल्या.

अध्यक्षांनी चिमणीला व्यासपीठावर बोलावले. म्हणाले, "बोल बेटा, चार शब्द." मी पायऱ्यांपर्यंत गेले होते. तिने माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "तो आवाज माझा नाही."

वाक्य बिनचूक होते. यंत्र तिने तोवर पाहिलेही नव्हते.

सोमवारी संस्थेने फसवणुकीची तक्रार दिली. पत्रावर सही मोठ्या बाईंची असल्याने तक्रार त्यांच्यावर आहे. काल मधल्या सुट्टीत त्यांनी मला कपाटाजवळ बोलावले. म्हणाल्या, "तू तोंड उघडू नकोस. तुझी पोर लहान आहे. मी काय, पुढच्या वर्षी घरीच बसणार होते." पत्र मी तयार केले, आवाज माझ्या मुलीचा, कागदावरचा मजकूर माझा. त्यांचा संबंध सहीपुरता आहे.

माझ्या मुलीचा उल्लेख वगळावा अशी मी विनंती केली. वगळता येणार नाही असे सांगण्यात आले. मी लिहून घ्या म्हणाले.

संच परत मागवले आहेत. तपासणीसाठी संस्थेने दोन पेट्या उघडल्या, उरलेल्या सहा पेट्यांचे सील अजून फोडलेले नाही.

हा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी शेवटपर्यंत ऐकला. सांगितला तसाच आहे. फक्त एक दुरुस्ती मी सुचवली, ती घेतली आहे. जिथे "मुलगी वर्गात बोलत नव्हती" असे लिहिले आहे, तिथे असे वाचावे: "मी तिला नावापलीकडे काही विचारले नव्हते."

वेळ: दुपारी १२.४०. सही.