न वाचलेलं पान

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आणि जेवणाच्या वासाकडे लक्ष ठेवून माझ्याकडे बघणारे वाघोलीकर बंधू-भगिनींनो, सगळ्यांना जय भीम.

आम्रपालीबाई शाळेतून निवृत्त होऊन लेकीकडे चालल्यात. चांगलं बोल, असं मला बजावलंय. बोलते. आधी थोडं वाईट ऐका.

माझी नात मैत्री बोलताना अडखळते. गेल्या पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात रोज एकेकानं ग्रंथाचं नेमून दिलेलं पान वाचायचं होतं. मला अक्षर येत नाही, तेव्हा सरावाला श्रोता मीच. पहिल्यांदा ती दर ओळीला ठेचकाळायची. तेच पान पुन्हापुन्हा वाचलं की घडाघडा. पलीकडच्या खोलीतून माझा मुलगा संभाजी ते ऐकायचा. बसलाय बघा मागे, पंख्याखाली.

तिच्या दिवशी आधीच्या वाचकानं उत्साहात तिचंही पान वाचून टाकलं. पोरीसमोर आलं नवं पान. पहिल्याच शब्दाला अडकली, ती अडकलीच.

घरी आल्यावर संभाजी म्हणाला, "घरी येतं अन् तिथं येत नाही? माझं नाक कापायला नाटकं करतेस?" त्यानं कमरेचा पट्टा काढला. बक्कल ओठावर बसलं, पांढरा ड्रेस लाल झाला. ती 'बाबा' म्हणू बघत होती. दर 'ब'ला एक फटका. मी पोळपाट उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलं, ते मात्र न अडखळता.

शेजारून आम्रपालीबाई धावत आल्या. पोरीला दवाखान्यात नेलं, ओठाला टाके पडले. तिथून थेट पोलीस चौकीत तक्रार.

हाताला प्लास्टर घालून संभाजी घरी परतल्यावर बाईंनी त्याला समोर बसवलं. "संभाजीराव, ग्रंथातलं कुठलंही पान तुम्ही काढा." मैत्री अडखळली. पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं, जीभ सुटली. "आता दुसरं काढा." परत अडकली.

"नाटक असतं तर एवढं सुटल्यावर परत कशाला अडकली असती? यात पट्टा कुठे बसतो, दाखवा."



आता बाईंचं मानपत्र मैत्री वाचणार आहे. "सराव करायचा का गं?" विचारलं, तर म्हणाली, "न-नको आजी. प-पहिल्यांदाच वाचते." तेव्हा ती अडखळणार. कुणी तिच्या तोंडात शब्द घालू नका. संभाजी, तू पुढे येऊन बस. पोळपाट माझ्या पिशवीत आहे.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यातलं उणंदुणं पोटात घाला. तिच्या अडखळण्याची माफी मात्र कुणी मागणार नाही.

ये, मैत्री. सावकाश.