आजीचं पाठांतर

(देऊळघाट. भर दुपार. मागच्या खोलीचं दार लोटलेलं.)

अनुपमा : बोलू नका हो. आधी ऐका. दोन दिवस मी एकटीच ऐकतेय.

गोपाल : समीक्षाच हाय ना आत? कोणासंगं बोलून राह्यली?

अनुपमा : दुसरं कोणी नाही. आईंच्या बाजेशी बसलीय. अन् वऱ्हाडी बोलतेय, अगदी आईंसारखी.

गोपाल : तिले कुठून येईन वऱ्हाडी? चार वर्षं झाले, घरात इंग्लिशशिवाय बोलू देल्लं नाही मी. शाळेनंच सांगतलं होतं.

अनुपमा : शाळेनं पोरीसाठी सांगितलं. तुम्ही आईंनाही लावलंत. सत्तरीची बाई, 'वॉटर' अन् 'थँक्यू' म्हणत घरात वावरायची.

गोपाल : नोकरीच्या मुलाखतीत इंग्लिशपायी माह्या तोंडाले कुलूप लागलं होतं अनुपमा. चार लोक हासले. पोरीचं तसं होऊ द्याचं नव्हतं मले.

अनुपमा : म्हणून कुलूप आईंना लावलंत.

गोपाल : लावलं. शाळेच्या मॅडम घर पाहाले आल्या त्या दिवशी मायनं तीनदा माह्याकडे पाह्यलं. तोंड उघडलं. मी डोळे वटारले. मंग तिनं 'वॉटर' म्हटलं. मॅडम खूश, आजीसुद्धा इंग्लिश!

अनुपमा : घाम आला होता त्यांना. मला वाटलं, नवीन लुगड्यानं उकडतंय. मी पोहे वाढत बसले.

गोपाल : मॅडमले फाटकालोक सोडून आलो, तं माय गेलेली. तेरवी झाली, तरी डोळ्याले डोळा नाही. काय सांगत होती, तेवढंच समजलं पाह्यजे मले. समीक्षा! बाहेर ये.

समीक्षा : येस पप्पा. आय वॉज ओन्ली प्लेइंग.

गोपाल : राहू दे ते इंग्लिश. कोणासंगं बोलत होती?

समीक्षा : रागावसान?

गोपाल : नाही वं माय.

समीक्षा : आजीसंगं. तुमी वावरात गेले का आमी रोज बोलत होतो. हळूहळू. मम्मीलेबी माईत नाही.

गोपाल : मॅडम आल्या त्या दिवशी काय म्हणे आजी?

समीक्षा : सकाळीच इचारलं तिनं, छातीत दुखते हे इंग्लिशात कसं सांगतात? मी शिकवलं. लय वेळा घोकलं तिनं. पप्पाले सांगू का म्हटलं, तं म्हणे, मॅडम जाऊ दे. अन् मॅडमसमोर तिले आठवलंच नाही.

अनुपमा : अगं बाई गं...

गोपाल : (आत, रिकाम्या बाजेकडे वळून) माय! मराठीतच सांग वं माय. आपल्या बोलीत सांग. मी काहीच म्हणत नाही आता.

समीक्षा : हळू बोला न पप्पा. आजी घोकून राह्यली, अजून अर्धंच पाठ झालं तिचं.