पाठीचा खिसा

(कॉलेजात फुटबॉल शिकवणाऱ्या सरांची खोली. कोपऱ्यात जाळीत बांधलेले चेंडू, टेबलावर टॅब. समोर एक खेळाडू आणि तिची आई.)

सर : ...पण ताई, संकोच कसला करताय? अभिमानाची गोष्ट आहे! परवापर्यंत हिचं नाव संघातून गेल्यात जमा होतं. सगळ्यात कमी धावणारी मुलगी. आणि आता हे आकडे बघा!

आई : तेच सांगायला आले हो. त्या जाकिटाचं जरा...

लेक : आई, चल ना घरी.

सर : थांब गं. ताई, सरावाला घालतात त्या जाकिटात पाठीवर एक एवढीशी डबी असते. खेळाडू किती हलला, किती वळला, सगळं टिपते. माणूस थाप मारेल, डबी नाही मारणार. हा आलेख बघा. आधी डावीकडे फिरते. मग थांबते. मग उजवीकडे. परत थांबते. काय शिस्त!

आई : हो, ते तसंच करतं.

सर : आणि शेवटी तर असा वेग, असा वेग...

आई : तेव्हा पिळायला लागतं ना.

सर : काय?

आई : रागावू नका हं. हिनं आल्या आल्या जाकीट धुण्यात टाकलं. मी खिसे चाचपते नेहमी, पण पाठीला खिसा असतो हे कुठे ठाऊक! वाळत घालताना डबी हाताला लागली.

सर : म्हणजे हे... वॉशिंग मशीन?

लेक : साधंच मशीन आहे, सर. घेताय का त्याला संघात?

आई : अगं, नीट बोल.

सर : तरीच नाडीचे ठोके दिसत नव्हते! मला वाटलं, काय दमसास आहे पोरीचा. प्राचार्यांना दाखवलं मी. टाळ्या वाजवल्या हो त्यांनी!

आई : अरे देवा. मग आता?

सर : आता काय, गप्प बसायचं. त्यांनी आणखी डब्या मागवल्यात. तुम्ही बोलू नका, मी बोलत नाही. हिची जागा पक्की.

लेक : बघ! उगाच आलीस तू.

आई : नको, सर. त्या जागेपायी दुसरी कुणाची तरी पोर घरी बसेल. तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? हिला खेळता येत असेल तर घ्या, नाहीतर राहू दे.

सर : हिचे खरे आकडे सांगू? जागची हलत नाही ही.

लेक : हलावं लागत नाही, सर. चेंडू कुठे येणार ते आधीच कळतं. मी तिथेच उभी असते.

सर : डबीत कुठे दिसतं ते?

लेक : मैदानावर दिसतं. पण तेव्हा तुमची मान टॅबमध्ये असते.

आई : गप्प बस! सर आहेत ते.

सर : नाही... बोलू दे तिला. हा घ्या, ठेवला बाजूला. उद्याचा सराव डोळ्यांनी बघतो. फक्त एक सांग, तू नक्की खेळतेस कुठे?

लेक : मागे, सर. डावीकडे. पहिल्या वर्षापासून.